भोंग्याच्या गाडीचं अस्तर

त्याला भोंगा हे नाव पहिल्यांदा कोणी ठेवलं ते आता कोणालाच आठवत नाही, पण ठेवणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. तो कोणाच्या कानात काही सांगायला वाकला, तरी शेजारच्या घरातली माणसं दाराशी येत. एकदा दवाखान्यात तो आजारी मित्राला भेटायला गेला आणि "काय रे, कसा आहेस?" एवढंच त्याने विचारलं, तर खोलीतल्या सगळ्या रोग्यांनी आपापली तब्येत सांगून टाकली.

"मी काय करू?" तो म्हणायचा. "दोष माझा नाही, गाडीचा आहे. तुम्ही बसा एकदा तिच्यात. मुका माणूस ओरडायला लागेल."

ते खरंही होतं. गावाचा डांबरी रस्ता जिथे संपत असे, तिथून भोंग्याचं काम सुरू होई. वर डोंगरात विखुरलेल्या वस्त्या होत्या आणि तिकडे साधी गाडी जात नव्हती. गॅसच्या टाक्या, औषधं, पार्सलं, कोणाचा दुरुस्त झालेला पंप, कोणाच्या म्हाताऱ्या आईचा चष्मा, सगळं भोंग्याच्या गाडीतून वर जायचं. चारही चाकांना ओढ असलेली, उंच, चौकोनी, पत्र्याची गाडी. चिखलात पकड धरावी म्हणून टायरांना बोटभर उंचीच्या गाठी होत्या. चिखलात त्या गाठी इमानाला जागत, पण कोरड्या रस्त्यावर अशा घुमत की आत बसणाऱ्याच्या दातांना मुंग्या येत. वर छताचा पत्रा, खाली तळाचा पत्रा, मधे रिकाम्या टाक्या एकमेकींवर डोकं आपटत. तरुणपणी विकत घेतलेली ती गाडी भोंग्याने पुढे एखाद्या जुन्या दुखण्यासारखी सवयीची करून घेतली होती.

आणि तिच्या डाव्या सीटवर त्याची बायको.

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ती हौसेने त्याच्याबरोबर वर गेली, ती पुढे जातच राहिली. औषधांची पिशवी मांडीवर धरायची, कोणती टाकी कोणाची ते लक्षात ठेवायचं, आणि वळणावर बाहेर डोकं काढून "डावीकडे दगड! अजून! अजून! पुरे!" असं ओरडायचं. ही तिची कामं. पण खरं काम बोलणं. त्या गोंगाटात दोघं एकमेकांशी ओरडून बोलत. मुलीला कोणत्या शाळेत घालायचं ते त्या गाडीत ओरडून ठरलं. मुलीने स्वतःच पसंत केलेल्या मुलाला हो म्हणायचं की नाही, हेही तिथेच ठरलं, आणि ते ओरडणं फक्त गोंगाटामुळे नव्हतं. भोंग्याची आई गेली तेव्हा तो घरी रडला नाही. गाडीत रडला, आणि त्या आवाजात आपलं रडणं कोणाला ऐकू येणार, असं त्याला वाटलं. बायकोने पुढचं वळण येईपर्यंत त्याच्या खांद्यावरचा हात काढला नव्हता.

संध्याकाळी घरी परतल्यावर मात्र दोघं गप्प. दिवसभराचं सगळं बोलून झालेलं असे. शेजाऱ्यांना वाटे, या नवरा-बायकोचं पटत नाही.

मग तिच्या गळ्यात गाठ झाली. गाठ साधीच निघाली, सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, पण ती काढताना आवाजाची नस दुखावली. शुद्धीवर आल्यावर ती बोलली, ते सुकलेल्या पानावरून कोणी बोट फिरवावं तसं. डॉक्टर म्हणाले, "आहे एवढा आवाज टिकेल. पण जपायचा. ओरडायचं नाही. जोर लावाल तर हाही जाईल."

घरात त्याने निभावून नेलं. ती समोर बसून हळू बोले, त्याला सगळं कळे. कधी ती ओट्याशी पाठमोरी असताना काही म्हणे आणि त्याला कळत नसे, पण तेव्हा नळ तरी चालू असे, नाहीतर कढई तरी वाजत असे.

बरं वाटायला लागल्यावर ती पहिल्यांदा गाडीत बसली त्या दिवशी त्याने गाडी पुसून घेतली होती. डांबर संपलं, टायर घुमायला लागले, आणि ती काहीतरी म्हणाली.

"काय?" भोंगा ओरडला.

तिने पुन्हा म्हटलं. ओठ हललेले त्याला डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसले.

"काय? मोठ्याने... नाही, नाही, मोठ्याने नको! थांब, मी गाडी उभी करतो!"

त्याने चढावर ब्रेक दाबला. मागच्या टाक्या खडाखडा पुढे आल्या. तिने मान हलवली, हाताने 'चला' अशी खूण केली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. वर पोचेपर्यंत ती पुन्हा बोलली नाही. परतताना त्यानेच कसलेकसले विषय काढले आणि स्वतःच संपवले. घरी आल्यावर ती म्हणाली, "माझे गुडघे दुखतात हो हल्ली. त्या धक्क्यांनी जास्तच. तुम्ही जात जा एकटे."

गुडघे! आयुष्यात जिने गुडघ्याचं नाव काढलं नव्हतं, जी टाकी स्वतः उचलून ठेवायची! भोंग्याला काय ते समजलं. दुसऱ्या दिवशी डावी सीट रिकामी घेऊन वर जाताना त्याला असं झालं, की घराला कुलूप लावून आपण बाहेर राहिलो आहोत, आणि किल्ली आतच आहे.

त्या आठवड्यात तो अस्तरवाल्याकडे गेला.

अस्तरवाला म्हणजे गाड्यांच्या सीटा आणि आतली अस्तरं शिवणारा त्याचा लहानपणचा मित्र. सुकडा, सदा तोंडात दोरा धरलेला. त्याच्या कारखान्यात रेक्झिन आणि गोंद यांचा मिळून एक वास असे आणि तो त्याच्या कपड्यांना, चहाला, अगदी बोलण्यालाही लागलेला होता.

"गाडीचा आवाज बंद करायचाय," भोंगा म्हणाला.

अस्तरवाल्याने दोरा तोंडातून काढला. "तुझा की गाडीचा?"

"थट्टा नको."

"इतकी वर्षं मी सांगतोय, आतून अस्तर लाव, तळाला पट्ट्या मार. तर हा शहाणा म्हणतो, गाडी गप्प झाली तर ती जिवंत आहे हे मला कळणार कसं! आज काय झालं?"

भोंग्याने सांगितलं. सांगताना त्याचा आवाज थोडा खाली आला, म्हणजे बाकीच्यांच्या साध्या बोलण्याइतका झाला. अस्तरवाल्याने सुई गादीत टोचून ठेवली आणि हात झटकले.

"आण गाडी उद्या. पण एक आधीच सांगतो. आवाज हा उंदरासारखा असतो. एक मारला की कळतं, मागे आणखी होते. धीर असेल तर ये."

धीर भोंग्याकडे नव्हता, पण दुपार मोकळी होती. सकाळची फेरी आटोपून तो रोज कारखान्यात येऊ लागला. दवाखान्यात माणसं जशी आजारी नातेवाइकाच्या खाटेशी बसून राहतात, तसा तो सुरुवातीला नुसता बसून राही. मग अस्तरवाल्याने त्याच्या हातात पान्हा दिला.

आधी त्यांनी गाडीत जे जे सुटं होतं ते बाहेर काढलं. सीटखालून निघालं ते पाहून दोघंही थक्क झाले. गंजलेले नट, एक लहान मुलाचा बूट, कधीतरी हरवलेली आणि बायकोवर जिचा आळ आला होता ती टॉर्च. "हिच्यावरून मी तिच्याशी आठवडाभर बोललो नव्हतो," भोंगा म्हणाला.

"तेवढा आठवडा गावाला झोप लागली असेल," अस्तरवाला म्हणाला.

मग त्याने भोंग्याला तळाचा पत्रा बोटाच्या पेराने वाजवायला शिकवलं. जिथे पत्रा घंटेसारखा नाद काढे तिथे डांबरासारखी चिकट, जड पट्टी दाबून बसवायची. पुन्हा वाजवायचं. ओल्या लाकडावर मारल्यासारखा 'ढब्' आवाज आला की पुरे. सगळा पत्रा झाकायचा नाही. गाडी उगाच जड होते. पट्टीवर दाबलेल्या लोकरीचं जाड फेल्ट, फेल्टवर रबराची चटई. छताला आतून फोम आणि त्यावर करड्या कापडाचं अस्तर. गियरच्या दांड्याभोवतीचा रबरी बूट फाटून चिंध्या झाला होता, आणि तिथून इंजिन जणू थेट मांडीवर येऊन बसत होतं. तो नवा घातला. दारांच्या कडेची रबरं दगडासारखी टणक झाली होती. अस्तरवाला दारात कागदाची पट्टी धरी, दार लावी आणि पट्टी ओढी. पट्टी अलगद सुटून आली की म्हणे, "बघ, कागद जातो तर आवाज काय तुझी परवानगी मागणार आहे?"

टायरांवरून मात्र दोघांचं वाजलं. गाठींचे टायर काढ, म्हणजे निम्मं घुमणं तिथेच संपेल, असं अस्तरवाल्याचं म्हणणं. भोंगा म्हणाला, "आणि चिखलात गाडी तू ढकलणार?" शेवटी मधला मार्ग निघाला. कमी उंच गाठींचे, मधे सलग पट्टा असलेले टायर आले. चिखलात थोडं जपावं लागणार होतं, पण तेवढं भोंग्याने कबूल केलं. आयुष्यात त्याने रस्त्याच्या बाबतीत केलेली ही पहिली तडजोड.

एका दुपारी अस्तरवाल्याने कारखान्याचं शटर ओढून आत अंधार केला, भोंग्याला गाडीत बसवलं, दारं लावली आणि बाहेरून दिव्याचा झोत गाडीवर फिरवायला लागला.

"जिथून उजेड दिसेल तिथे खडूने खूण कर," तो बाहेरून ओरडला. "जिथून उजेड येतो तिथून आवाज येतो!"

भोंगा अंधारात बसून बघत राहिला. कुठे वायर जाते तिथून, कुठे जुना स्क्रू पडून गेला तिथून, गाडीभर उजेडाचे ठिपके चमकत आणि विझत होते. इतकी वर्षं ती दोघं एवढ्या भोकांच्या मधे बसून संसार करत होती! एक एक भोक त्याने खडूने वेढलं. पुढचे दिवस ती भोकं बुजवण्यात गेले.

उजेडाचं ते वाक्य भोंग्याच्या डोक्यात असं बसलं, की दुसऱ्या दिवशी अस्तरवाला जेवायला घरी गेलेला असताना तो टॉर्च घेऊन स्वतःच गाडीखाली शिरला. दारांच्या तळाशी त्याला ओळीने लहान लहान फटी दिसल्या. खाशा सरळ, मापात कापलेल्या. त्याला वाटलं, वा, ह्या अस्तरवाल्याच्या नजरेतून सुटल्याच की! त्याने चारही दारांच्या फटी गोंद भरून, वर रबराचे तुकडे ठोकून, कायमच्या बंद केल्या. दिवसभर तो मनातल्या मनात खूश होता. मित्राला सांगितलं मात्र नाही. म्हटलं, फेरीच्या वेळी त्यालाच कळेल.

शेवटी गाडी जोडून झाली. बायकोला बसवण्याआधी एकदा आपण दोघं चक्कर मारू, असं अस्तरवाला म्हणाला. तो डाव्या सीटवर बसला, दार लावलं. पूर्वी दार लागे तेव्हा पत्र्याचा डबा फेकल्यासारखा आवाज होई. आता जाड पुस्तक मिटल्यासारखा झाला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

डांबर संपलं. गाडी दगडांवर चढली. इंजिन दुसऱ्या खोलीत असल्यासारखं गुरगुरत होतं, टायर दूर कुठेतरी घुमत होते. छप्पर गप्प. तळ गप्प. भोंग्याला भरून आलं. "अरे! ही माझी गाडी?" तो ओरडला.

अस्तरवाल्याने कानावर हात दाबले. "हळू, बाबा! आता आत दुसरा आवाज नाही! फक्त तू आहेस!"

रस्त्यात ओढा होता. दाराच्या निम्म्यापर्यंत पाणी असे. भोंग्याने गाडी सवयीने पाण्यात घातली, पलीकडे काढली आणि चढावर घेतली. थोडं पुढे गेल्यावर अस्तरवाल्याने मान वाकडी केली.

"हे काय वाजतंय?"

"कुठे काय?"

"हे. डुचुक, डुचुक. पोहऱ्यात पाणी हेलकावतं तसं. ऐक."

भोंग्याने कान दिला. त्याला काहीच ऐकू आलं नाही.

"अरे एवढं मोठ्याने वाजतंय! दारात वाजतंय! डाव्या, उजव्या, दोन्ही!" अस्तरवाल्याने दार थोपटलं. "थांबव."

गाडी थांबली. अस्तरवाला उतरला, वाकला, आणि कपाळाला हात लावून हसत खाली बसला. "ह्या फटी कोणी बुजवल्या? अरे गाढवा, दारात शिरलेलं पाणी खाली निघून जावं म्हणून असतात त्या! तू तर दारांचे हंडे केलेस!" त्याने खिशातल्या सुरीने चारही दारांचे रबराचे तुकडे एकेक करून उपटले. पाणी धार धरून रस्त्यावर पडलं. भोंगाही हसायला लागला. दोघं म्हातारे रस्त्याच्या मधोमध हसत राहिले, आणि चारही दारं मुतत राहिली.

मग अस्तरवाल्याचं हसणं थांबलं.

"तुला ते खरंच ऐकू आलं नाही?"

"लक्ष नसेल माझं."

गाडी वळवून दोघं परत निघाले. थोड्या वेळाने भोंग्याला जाणवलं, की शेजारी अस्तरवाला तोंडावर हात धरून खिडकीकडे बघतोय. ओढ्याच्या अलीकडे सपाट जागा होती तिथे त्याने खुणेने गाडी उभी करायला लावली.

"मी आत्ता काय म्हणालो?"

"कधी?"

"आत्ता. येताना. मी तुला साध्या आवाजात नाव घेऊन हाका मारल्या. शिव्याही दिल्या, खऱ्या खऱ्या. तू रस्ता बघत होतास. एकदाही वळला नाहीस."

भोंग्याने स्टिअरिंग सोडलं नाही. गाडी उभी होती तरी दोन्ही हातांनी तो ते धरून बसला.

"तू तोंडावर हात ठेवला होतास," तो म्हणाला.

"हो. म्हणूनच ठेवला होता." अस्तरवाला हलकेच म्हणाला, आणि मग त्याच्याकडे पूर्ण वळून, ओठ नीट दिसतील असं, पुन्हा म्हणाला, "घरी तू वहिनींचं सगळं समजतोस ना? तू ऐकत नाहीस, गड्या. तू बघतोस."

भोंग्याला नळ आठवला. कढई आठवली. बायको पाठमोरी उभी असताना त्याने विचारलेले सगळे 'काय?' त्याला एकदम आठवले, आणि त्यातल्या कितीतरी वेळा नळ बंद होता, हेही आठवलं.

"म्हणजे एवढं सगळं केलं ते फुकट," तो म्हणाला. "चोर सोडून संन्याशाला फाशी."

एरवी अस्तरवाल्याला यावर काहीतरी चमकदार उत्तर सुचलं असतं. त्याने फक्त मित्राच्या हातावर हात ठेवला. गोंदाचे डाग पडलेला तो हात बराच वेळ तिथेच होता.

घरी आला तेव्हा बायको शेंगा सोलत बसली होती. तो चप्पल न काढताच तिच्यासमोर जाऊन बसला. गाडी कशी झाली, असं तिने विचारलं. त्याने तिचे ओठ वाचले, आणि आपण वाचतोय हे त्याला पहिल्यांदाच कळलं. त्याने डोळे मिटले.

"आता बोल," तो म्हणाला. "काहीही बोल."

बराच वेळ गेला. डोळे उघडले तेव्हा ती त्याच्याकडे बघत होती. शेंग हातात तशीच.

"बोललीस?"

तिने मान हलवली. हो.

"मला ऐकू येत नाही ग," भोंगा म्हणाला. आयुष्यात त्याने इतक्या हळू काही म्हटलं नसेल. "गाडी नव्हती ती. मीच होतो."

तिने शेंगांचं ताट बाजूला ठेवलं. "माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"झाली की कितीतरी वर्षं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "तुम्हाला ऐकू आलं नाही."

तो तिच्याकडे बघत राहिला. तिच्या डोळ्यांच्या कडा आधी हसल्या, मग खांदे. आवाजाशिवायचं हसणं. तोही हसला, आणि हसता हसता त्याने बाहीने तोंड पुसलं.

मग ती नीट सावकाश, त्याला दिसेल असं, बोलली. गाडीत सगळेच ओरडतात, म्हणून तुमचं झाकून गेलं. मीही ओरडत होते, तर कोणाला कळणार? माझा आवाज गेला आणि उघडं पडायची वेळ आली. मी डाव्या सीटवर बसून रोज ओठ हलवले असते, तर एक दिवस तुम्हालाच कळलं असतं. आणि कळलं असतं तर तुम्ही गाडी सोडली असती. ऐकू येत नाही त्याने डोंगरात माणसांची औषधं नेऊ नयेत, असं म्हणून तुम्ही किल्ली खुंटीला लावली असती. मी ओळखते ना तुम्हाला. गाडी गेली की तुमचं काय राहतं? त्यापेक्षा माझे गुडघे दुखलेले बरे.

"म्हणजे गुडघे दुखत नव्हते?"

"तुमच्या त्या जुन्या सीटवर कोणाचे दुखणार नाहीत?"

भोंग्याने खरोखरच किल्ली खुंटीला लावली. ती तिने काढून त्याच्या खिशात परत ठेवली आणि म्हणाली, "आधी कान दाखवू. मग रुसा."

कान तपासणारी मुलगी त्यांच्या मुलीच्या वयाची होती. तिने त्याला काचेच्या खोलीत बसवलं, कानाला डबे लावले आणि आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. भोंगा इतका वेळ काहीच न दाबता बसला, की त्याला वाटलं यंत्र बिघडलंय. यंत्र ठीक होतं. उजवा कान, जो आयुष्यभर उघड्या खिडकीशी होता, बराचसा गेलेला. डावा पुष्कळ उरलेला.

"डाव्याला मशीन लावू. गाडी चालवायला काही हरकत नाही," ती म्हणाली. "पण काका, एक आहे. हे मशीन बोलणं मोठं करतं तसा गोंगाटही मोठा करतं. तुमची गाडी म्हणे पत्र्याची आहे. तसल्या गाडीत याचा त्रासच होईल, काढून खिशात ठेवाल."

भोंग्याने तिच्याकडे बघितलं, मग बायकोकडे.

"होती पत्र्याची," तो म्हणाला.

मशीन बसवलं तेव्हा तो काहीतरी बोलला आणि स्वतःच दचकला. "कोण ओरडतंय?"

"तुम्हीच," बायको म्हणाली.

"मी असा बोलतो?"

"नाही. आज जरा हळू बोलताय."

त्याच आठवड्यात एका फेरीला ती डाव्या सीटवर बसली. औषधांची पिशवी मांडीवर घेतली. दार मिटलं. डांबर संपेपर्यंत परीक्षेला बसल्यासारखी दोघं समोर बघत होती. दगडांचा चढ सुरू झाला. भोंग्याला टायरांचं घुमणं ऐकू येत होतं, पण ते घराबाहेरच्या वाऱ्यासारखं बाहेरच राहिलं होतं. आत त्याला पिशवीच्या कागदाची कुरकुर ऐकू आली. इंडिकेटरच्या दिव्याची टिकटिक ऐकू आली. हा दिवा टिकटिक करतो हे तो विसरूनच गेला होता. तो रस्त्यावरून नजर न काढता वाट बघत राहिला.

"डावीकडे दगड आहे," ती म्हणाली.

त्याने गाडी उजवीकडे घेतली.

ती थोडा वेळ थांबली. मग म्हणाली, "शेजारीण आपली शिडी घेऊन गेलीय. तुम्हाला सांगितलं नाही मी."

"कधी?" त्याने विचारलं. जपून, हळू, काठोकाठ भरलेली वाटी न्यावी तसा.

"मी दवाखान्यातून आले ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. मला बघायला आली आणि जाताना शिडी घेऊन गेली. ऐका तर, गंमत पुढेच आहे."

आणि ती सांगू लागली. साचलेलं सगळं होतं. शेजारणीने शिडी आपल्या दिराला दिली, दिराने ती रंगाऱ्याला दिली, रंगारी ज्या घराला रंग देत होता तिथल्या म्हातारीने ती आपलीच समजून आत ठेवून घेतली. त्या म्हातारीची आणि सुनेची त्यावरून जुंपली. बायकोच्या त्या कोरड्या, खरखरत्या कुजबुजीत गोष्ट भलतीच मजेशीर वाटत होती. पूर्वी ती ओरडून सांगे तेव्हा ती फक्त काय घडलं तेवढं सांगे, बाकीच्याला श्वास पुरत नसे. आता ती म्हातारीची नक्कल करत होती, मधेच थांबत होती, स्वतःशी हसून पुढे जात होती. असं सांगता येतं तिला, हे भोंग्याला माहीतच नव्हतं. ओढा आला, गेला. दारांतून पाणी आपल्या वाटेने निघून गेलं. ती मधेच हळूच 'उजवीकडे घ्या' म्हणत होती आणि त्याच श्वासात म्हातारीकडे परत जात होती.

वरची पहिली वस्ती आली तेव्हा रस्त्यावर कोणी नव्हतं. गाडी आल्याचं कोणाला कळलंच नव्हतं. भोंग्याने पटांगणात गाडी उभी केली, इंजिन बंद केलं, पण उतरला नाही. तिचंही लक्ष नव्हतं. ती रंगाऱ्याच्या बाजूने बोलत होती.

बऱ्याच वेळाने एका घरातून एक माणूस रिकामी टाकी खांद्यावर घेऊन बाहेर आला, गाडी बघून चपापला, आणि धावत येऊन काचेवर टकटक करू लागला. "भोंगाकाका! आलात कधी? हाक तरी मारायची!"

भोंग्याने काच खाली केली नाही. त्याने फक्त हात वर करून 'थांब' अशी खूण केली आणि डावा कान पुन्हा तिच्याकडे वळवला. शिडी अजून म्हातारीच्याच घरात होती.